खोटी शिंक

थिनरच्या डब्याचं झाकण उघडताच तिने नाकाला बाही लावली आणि शिंकली. शिंक इतकी खोटी निघाली, की पलीकडे रंधा मारणाऱ्या नवऱ्याला हसू लपवायला मान खाली घालावी लागली.

"सर्दी का गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा, या वासानेच होतंय. काही दिवस मी पॉलिशला हात नाही लावत. खुर्च्यांचं वेताचं विणकाम घेते."

सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा मुलाकडे पाहिलं. मग झाकण घट्ट बसवलं आणि "बरं," म्हणाले. एवढंच. ते एका शब्दावर थांबले, याचंच तिला नवल वाटलं.

कारण गल्लीत त्यांना सगळे भोंगा म्हणत. आवाज तसा होताच, वर तोंडात तीळ भिजत नसे. मागच्या वर्षी तिला दिवस गेल्याचं सकाळी कळलं आणि संध्याकाळपर्यंत ते लाकडाच्या वखारीपासून केस कापणाऱ्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. चौथा महिना लागायच्या आत सगळं संपलं. मग हाच माणूस दारोदार फिरला आणि "तिला आता काही विचारू नका," असं प्रत्येकाला हळू आवाजात सांगून आला. तिचं स्वतःचं दुःख तिने पचवलं, पण तो हळू आवाज काही तिच्या मनातून जाईना. म्हणून या खेपेला नवराबायकोचं ठरलं होतं, सगळं पक्कं होईपर्यंत बाबांना अवाक्षर सांगायचं नाही. त्यांना पुन्हा आशा लावून पुन्हा मोडायची तिची तयारी नव्हती.

त्याआधीच दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली होती. डॉक्टरीणबाई मोठ्या हसतमुख होत्या. मागच्या वेळी जे झालं त्यात कुणाची चूक नव्हती, बहुतेकदा त्याचं कारण सापडतही नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"ओल्या लाकडाचं कपाट करता का तुम्ही?"

"छे. आधी नीट वाळवून घेतो."

"मग इथेही घाई नको. आधी दोन-तीन महिने तयारी करा."

तयारी म्हणजे फॉलिक अॅसिडची रोज एक गोळी, ताटात पालेभाजी, अंगातलं रक्त वाढवणं, संध्याकाळचं चालणं आणि थिनरपासून लांब राहणं. नवरा मन लावून ऐकत होता. तेवढ्यात बाईंनी त्याच्या खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

"आणि हे बंद."

"मी पण? मला काय होणार आहे?"

"तुम्ही होणार बाप," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्याच्या तोंडात सिगारेटऐवजी कानावरची पेन्सिल आली. मापाची खूण करायला हातात घ्यावी तर टोकच चावून टाकलेलं असायचं. संध्याकाळी दोघं फिरायला निघत, बाबांना सांगायला कारण अपचनाचं. ती गोळी दुपारच्या जेवणानंतर कारखान्यातच घेई. गोळ्यांचं पाकीट बिजागऱ्यांच्या रिकाम्या डब्यात, वरच्या फळीवर. बाबांची पाठ फिरली की हात वर जायचा.

पुढे कारखान्यात एकेक गोष्ट बदलू लागली. थिनरचे डबे मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली गेले. पॉलिश सासरे स्वतः तिथे बसून करू लागले. करवतीवर बसलेला त्यांचा हात पॉलिशला काही वळेना. पहिलं टेबल झालं ते मांजर ओल्या पायांनी चालून गेल्यासारखं.

"मलाही हल्ली शिंका येतात," ते म्हणाले. "उघड्यावर बरं पडतं."

तिने मान डोलावली. बाबांची शिंक आली की फळीवरचे खिळे वाजायचे, आणि गेल्या कित्येक दिवसांत खिळे काही वाजले नव्हते. पण तिने त्याचा विचार केला नाही. एकदा गोळीचा डबा उघडला, तर आतला भुसा पुसलेला, तळाशी स्वच्छ कागद घातलेला. नवऱ्याला सुचलं म्हणायचं एवढं, असं वाटून ती मनोमन खूश झाली.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या बाई आपलं कपाट बघायला आल्या आणि थेट मागच्या अंगणात गेल्या. ती आत खिडकीपाशी वेत ओढत बसली होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"हे काय हो? मला तुमच्या सुनेच्या हातचं पॉलिश हवं होतं. ती का नाही बसत हल्ली?" मग बाईंचा आवाज गोड झाला. "काही गोड बातमी वगैरे?"

वेत तिच्या हातातच राहिला. आता भोंगा वाजणार. ठाऊक नसलं, तरी बाबा दहा अंदाज बोलून मोकळे होणार.

"छे हो," सासरे म्हणाले. "डबे माझ्यामुळे बाहेर काढलेत. मला वासाने शिंका येतात."

"तुम्हाला?"

"मग."

आणि ते शिंकले. बारीक, सभ्य शिंक. पाहुण्यांसमोर मांजराने शिंकावं तशी. फळीवरचा एकही खिळा हलला नाही.

ती खिडकीआड बसून राहिली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते. कागद कुणी घातला ते आता तिला कळलं. या माणसाने एवढी मोठी गोष्ट इतके दिवस पोटात ठेवली होती, आणि ती तिच्यासाठी.

बाई गेल्यावर तिने फळीवरचा डबा काढला, या वेळी सगळ्यांसमोर. गोळी तळहातावर घेऊन ती अंगणाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, जरा पाणी देता?"

त्यांनी हात पुसले, तांब्यातून पेला भरून दिला आणि लगेच कपाटाच्या दाराकडे निरखून पाहायला लागले. तिने त्यांच्यासमोरच गोळी घेतली, पेला रिकामा केला.

"कसं झालंय?" त्यांनी कपाटाकडे बोट दाखवत विचारलं.

"वाईट," ती म्हणाली.

"असू दे," ते चिंधी उचलत म्हणाले. "वर्ष-दीड वर्ष आता मीच करणार आहे, बसेल हात."