राळेखालचा पाहुणा

मी एक जुना सर्फबोर्ड आहे, मित्रांनो. लांबी साडेनऊ फूट, रंग एके काळी लालभडक, आता विटलेल्या विटेसारखा. हवाई बेटावर हिलो गावाजवळ एका घराच्या खालच्या मोकळ्या जागेत मी आडवा पडून असतो. शेजारी भाताचा बिघडलेला कुकर आणि चाक निखळलेली सायकल. एके काळी एका माणसाचा संसार माझ्यावर अडून बसला होता, हे आज कुणाला सांगून खरे वाटणार नाही.

माझा जन्म तादाओकाकांच्या गॅरेजमधला. काका दिवसा साखर कारखान्यात जोडकाम करत आणि संध्याकाळी बोर्ड घडवत. फोमच्या पांढऱ्या ठोकळ्यातून त्यांनी मला तासून काढले. ते डोळे मिटून माझ्यावरून हात फिरवत आणि जिथे हात अडे तिथे पुन्हा घासत. सगळे झाले की बोर्डाच्या पोटावर शिसपेन्सिलीने लांबी-रुंदी आणि मालकाचे नाव लिहायचे, मग वरून राळ ओतायची, अशी आमच्याकडची रीत. राळ वाळली की ते अक्षर जन्मभराचे.

मला बनवून घेणारी केहाऊ गावातल्या शाळेत शिकवायची. माझी राळ ओतायच्या दिवशी ती मालासादांची, म्हणजे साखरेत घोळलेल्या तळलेल्या पावांची, पिशवी घेऊन आली.

"नाव काय घालू, पोरी?"

"ओरिन."

"हा कुठला?"

"डुलुथचा, काका. पार उत्तरेकडच्या थंडीतला. तिकडे बंदरावर क्रेन चालवतो. दहा दिवसांसाठी येतोय."

"दहा दिवसांच्या माणसाला बोर्ड कशाला? भाड्याचा घे की. मी नाव घालतो ते इथे राहणाऱ्याचं."

"राहील तो."

"राहील तेव्हा राहील. तोवर हे घे." आणि काकांनी माझ्या पोटावर लिहिले, 'पाहुणा'.

केहाऊचे तोंड एवढेसे झाले. पण वडीलधाऱ्यांशी आमच्याकडे कुणी हुज्जत घालत नाही. शिवाय काकांनी दुखऱ्या जागीच बोट ठेवले होते. केहाऊ वर्षभर शिकायला डुलुथला गेली होती, तिथे दोघांचे जुळले. मग तीन वर्षे पत्रे आणि दर रविवारी फोन. तिचा पाय इथून निघत नव्हता, कारण आई इथे, शाळा इथे, समुद्र इथे. आता या खेपेला इथे मन रमले तर ओरिनने इथेच यायचे, नाही तर दोघांनी हे थांबवायचे, असे ठरले होते. दहा दिवस कसोटीचे होते आणि परीक्षेची पाटी म्हणजे मी.

ओरिन आला. उंच, पांढराफटक, खांदे मात्र भक्कम. दुसऱ्या दिवशी केहाऊ आईला चहा देत होती, तेवढ्यात या शहाण्याने मला अंगणात घेतले आणि मेणाची अख्खी वडी घासून संपवली. मेण लावतात ते पाय घसरू नये म्हणून, उभे राहायच्या बाजूला. याने लावले पोटाला!

केहाऊ बाहेर आली आणि पायरीवर बसून हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "अरे, तू काय माशांना उभं करणार आहेस त्याच्यावर?"

"मला वाटलं, खालून बुळबुळीत असला की जोरात पळेल. आमच्याकडे बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना खालूनच लावतात."

"तुमच्याकडे! बस आता खरवडत." तिने शाळेतली लाकडी पट्टी त्याच्या हाती दिली आणि दुसरी घेऊन स्वतःही बसली. मेण निघाले तशी पेन्सिलीची अक्षरे दिसू लागली.

"हे काय लिहिलंय?"

केहाऊचे हसू विरले. "पाहुणा."

त्याने अक्षरांवर अंगठा घासून पाहिला. "खोडता नाही येणार?"

"राळेखालचं नाही खोडता येत, ओरिन."

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. याचे नऊही दिवस पाण्यात आपटण्यात गेले. गुडघे सोलले, पाठ भाजली, नाकातोंडात पाणी गेले. संध्याकाळी मात्र तो न चुकता मला गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत ठेवायचा, मग स्वतःकडे बघायचा. मला तो तेव्हाच आवडला, मित्रांनो. पण माझे मत कोण विचारतो?

दहाव्या दिवशी सकाळी शेवटची संधी होती. दुपारी विमान. किनाऱ्यावर केहाऊ उभी, आणि थर्मास घेऊन तादाओकाकाही. एक लाट आली, अगदी हवी तशी. ओरिनचे हात आज बरोबर पडत होते. मी उचलला गेलो. पहिल्यांदाच त्याचा एक पाय माझ्या पाठीवर घट्ट रोवला गेला. आता दुसरा टाकला की झाले!

तेवढ्यात डावीकडून गावातल्या मापुआनामावशी त्याच लाटेवर उभ्या राहिल्या. वय एकाहत्तर. आमच्याकडे लाट आधी म्हाताऱ्या माणसांची. हे केहाऊने त्याला एकदाच सांगितले होते. दुसरा कुणी शिकाऊ असता तर म्हणाला असता, एवढी एक घेऊ दे. ओरिनने माझ्या दोन्ही कडा धरल्या आणि जीव खाऊन मला मागे खेचले. लाट आम्हा दोघांवर कोसळली. माझे नाक काळ्या दगडावर आपटून फुटले.

तो वर आला तेव्हा त्याचा ओठ रक्ताळला होता. "नाही जमलं, केहाऊ," तो म्हणाला. "एकदासुद्धा उभा नाही राहिलो." तिने रुमाल त्याच्या ओठाला लावला.

मावशी पाण्यातून निथळत आल्या. "काय रे, मला बघून थांबलास?"

"हो, मावशी."

"आमचा नातू मेला थांबत नाही कधी!"

तादाओकाकांनी वाकून माझे फुटके नाक चाचपले आणि मला काखेत मारले. "याला दुरुस्तीला वेळ लागेल. तोवर तू डुलुथचं घर आवरून ये."

"किती वेळ लागेल, काका?"

"तुला आवरायला लागेल तेवढा."

केहाऊ तिथेच वाळूत बसली आणि रडली. ओरिनही रडला. मला तर डोळेच नाहीत, नाही तर मीही मागे राहिलो नसतो.

पाच महिने मी फुटक्या नाकाने गॅरेजात टांगून होतो. मग दोन बॅगा आणि एक बिनकामाचा जाडजूड कोट घेऊन ओरिन आला. काकांनी त्याच्यासमोर माझ्या नाकाला नवा फोम बसवला, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिले, 'ओरिन'. वर राळ ओतली.

"आणि पोटावरचं ते, काका?"

"ते राहू दे. आलास कसा, ते विसरू नकोस."

पुढच्या महिन्यात तो उभा राहिला, खुर्चीतून उठणाऱ्या आजोबांसारखा, पण राहिला. त्यांची लेक नोहेआ माझ्यावरच शिकली. मग हलके, आखूड बोर्ड आले. काका गेले, मावशी गेल्या. ओरिनचा गुडघा गेला आणि मी घराखाली गेलो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याने मला बाहेर ओढले, जाळी झटकली, मेण लावले. योग्य बाजूला! पाण्यात निळ्या केसांची एक पोरगी सगळ्यांत पुढे होती. चांगली लाट आली. तिने तिचा बोर्ड मागे खेचला आणि ओरडली, "जा काका, तुमची आहे!"

त्याला उभे राहता आले नाही. गुडघ्यांवरच आम्ही थेट किनाऱ्यापर्यंत गेलो. वाळूला टेकल्यावर तो माझ्या नाकावरच्या अक्षरांवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला.

मित्रांनो, जुन्या बोर्डाला उन्हात टाकू नका, गोड्या पाण्याने धुवा, एवढेच मागणे. आणि कुणी परका माणूस पोटाला मेण लावताना दिसला तर खुशाल हसा. पण हसून झाले की एक पट्टी घ्या आणि त्याच्याबरोबर खरवडायला बसा.