आधी स्वामींना

शिवांशच्या गळ्यात लिंगायतांच्या रीतीनं इष्टलिंग बांधलं ते साल दोन हजार तेवीस. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कार्यक्रम झाला, स्वामी आले, नातवाला मांडीवर घेऊन महादेवी बसली, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर सुनेच्या आईनं बाळाचं सगळं हातात घेतलं आणि महादेवीला कळून चुकलं, की या घरात आपल्याला बसायला सोफा आहे, पण करायला काम नाही. महिनाभर तिनं कळ काढली. मग मुलाला, शिवप्रसादला म्हणाली, "गावाकडं जाऊन येते." तो म्हणाला, "जा की." परत कधी येणार, हे काही त्यानं विचारलं नाही.

गाव म्हणजे शिरूर अनंतपाळ. नवरा गेल्यापासून तिथल्या घराला कुलूप होतं आणि ते एकटीनं उघडायचा तिला धीर होईना. ती लातूरलाच पत्र्याची एक खोली भाड्यानं घेऊन थांबली. तिची लांबची जाऊ गुरम्मा औसा रोडवरच्या एका बर्गरच्या दुकानात झाडलोट करायची. तिनंच शब्द टाकला.

"अंडंसुद्धा नसतंय तिथं, शुद्ध शाकाहारी हाय. आन् खोलीत बसून तरी करतीस काय, भिंतीसंगं बोलतीस?"

अशी महादेवी पन्नाशी उलटल्यावर डोक्याला जाळीची टोपी घालून बटाटे तळायला उभी राहिली.

चुलीपुढं उभा जन्म गेलेला, तरी इथलं तळणं वेगळं होतं. जाळी तेलात सोडायची, घंटी वाजली की उचलायची. तळलेलं दिव्याखाली ठेवायचं, दुसरी घंटी वाजेपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर सगळं टाकून द्यायचं. पहिले काही दिवस टाकायला तिचा हात धजायचा नाही. तिच्या माहेरी ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत होती, आणि इथं घमेलंभर अन्न काळ्या पिशवीत जायचं. पुढं हात सरावला. मन सरावलं नाही.

कामावरच्यांना दुपारी एक बर्गर आणि एक पाकीट बटाटे मिळायचे. मागच्या खोलीत, पावाच्या पालथ्या क्रेटवर बसून खायचे. पोरं मोबाईल बघत खायची. महादेवी कोपऱ्याकडं तोंड करून खायची. सोमवारी तर ती खायचीच नाही. शिरूरला दर सोमवारी जंगमस्वामी दारात यायचे. लिंगायताच्या घरी जंगम म्हणजे चालता-बोलता गुरू. आधी त्यांनी जेवायचं, मग घरच्यांनी. सासूनं आणखी एक शिकवलं होतं, की जंगमाला नाव-गाव विचारायचं नाही. आला तो देवच. आता पत्र्याच्या खोलीत कोण स्वामी येणार?

दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतरच्या एका सोमवारी दुकानात एक म्हातारा येऊन कोपऱ्यातल्या टेबलाला बसला. धोतर, खांद्यावर भगवं उपरणं, बगलेत झोळी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. समोर कॉफीचा कप ठेवून तो डोळे मिटून बसला होता. महादेवीनं गल्ल्यामागच्या फटीतून पाहिलं आणि तिला भरून आलं. स्वामी इथं आले.

तिनं स्वतःच्या वाटणीचा ट्रे उचलला, पदराऐवजी युनिफॉर्मच्या टोकाला हात पुसले आणि त्याच्यापुढं नेऊन ठेवला.

"घ्या, स्वामी."

म्हाताऱ्यानं ट्रेकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग खायला लागला. पाकीट संपत आलं तेव्हा तिनं विचारलं, "अजून आणू का?"

"बस झालं, अक्का."

त्या दिवशी तिनं मागं जाऊन चार उरलेले बटाटे खाल्ले, पण ते गोड लागले.

मग दर सोमवारी हेच. हळूहळू दोन शब्द व्हायला लागले. एकदा ती म्हणाली, "स्वामी, एक सांगते. कधी इकत घ्यायची येळ आली तर मीठ नको म्हणायचं."

"का? मला बीपी न्हाई."

"बीपीचं न्हाई ओ. बिनमिठाचं कुणी तळून ठेवत न्हाई. तसं मागितलं की ताजंच काढावं लागतंय. मीठ मागनं पुडीतलं घ्यायचं."

"म्हंजे चोरवाट हाय."

"चोराची कशाला, शहाण्याची. आन् गुरुवारी येऊ नका. शुक्रवारी तेल बदलतेत."

"दुकानच बुडवून राहिलाव की तुम्ही," म्हातारा म्हणाला, आणि दोघंही हसले. लातूरला आल्यापासून महादेवी पहिल्यांदाच कुणाबरोबर हसली होती.

फेब्रुवारी लागला तेव्हा मॅनेजर शिवानीच्या लक्षात आलं. ती नांदेडच्या शाखेतून बदलून आलेली, तिशीच्या आतली, बोलायला तिखट पण मनानं वाईट नव्हती.

"मावशी, कॅमेऱ्यात दिसलं मला. बिल नसलेला ट्रे टेबलावर जातोय."

"माझ्या वाटणीचा हाय तो."

"तुमच्या वाटणीचा तुम्ही मागं बसून खायचा. वरून कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"ते आमचे जंगमस्वामी हायेत, बाई. त्यांच्या आधी मला खाता येत न्हाई."

शिवानी सरळ टेबलाकडं गेली. महादेवी मागोमाग.

"बाबा, तुम्ही जंगम आहात का?"

"कोण म्हणलं?" म्हातारा दचकला. "मी रामकिशन. अहमदपूरकडचा. मराठ्याचा हाय मी. शेती करत होतो, आता लेकाकडं असतो."

"मग हे भस्म?"

"सकाळी सिद्धेश्वराला जातो. तिथं लावतेत."

"आणि उपरणं?"

"सप्त्यात दिलेलं. गावात." त्यानं झोळी उघडून दाखवली. आत स्टीलचा डबा होता. "नातीचा हाय. ऋतुजाचा. समोरच्या क्लासात डॉक्टरकीचं शिकून राहिली. दर सोमवारी तिला सोडतो आन् सुटेपर्यंत हितं बसतो. घरी तरी दिवसा कोण हाय?"

महादेवीनं त्याच्या कपाळावरचे पट्टे पुन्हा एकदा पाहिले. तो तिच्याकडं वळला. "अक्का, मला वाटलं दुकानच म्हाताऱ्या माणसाला देतंय." मग डबा परत झोळीत ठेवत म्हणाला, "न्हाई, खोटं कशाला बोलू. तसं कधी वाटलं न्हाई. तुम्ही 'अजून आणू का' म्हणायच्या. आमची तारामती गेल्यापास्नं हे कुणी इचारलं न्हाई. सून डबा करून ठेवती, वाईट न्हाई ती. पण समोर कुणी नसतंय. म्हणून खात गेलो. भूक नसली तरी."

शिवानीनं टेबलावरचं रिकामं पाकीट उचललं. मग म्हणाली, "मावशी, पुढच्या सोमवारपासून मागं बसून तुम्हीच खायचं. नाहीतर मला तुम्हाला काढावं लागेल."

पुढच्या सोमवारी महादेवीनं क्रेटवर बसून आधी खाल्लं. जन्मात पहिल्यांदा. फटीतून रामकिशन दिसत होता. तो कॉफी घेऊन बसला होता आणि दर थोड्या वेळानं स्वयंपाकघराकडं मान वळवत होता. तिला वाटलं, जावं. पण हाक मारायची तर काय म्हणून? स्वामी म्हणता येत नव्हतं आणि दुसरं काही तोंडात बसत नव्हतं. ती तेलाकडं तोंड करून उभी राहिली. क्लास सुटायच्या वेळेला तिनं पाहिलं, तर टेबल रिकामं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी तो आला नाही.

आठवडाभर तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. स्वामी असो नसो, सोमवारी आपल्या आधी कुणीतरी जेवत होतं. बंधन होतं ते कामावरच्या माणसाला. गिऱ्हाईक कुठंही बसतं, कुणालाही खाऊ घालतं. ती शिवानीकडं गेली.

"माझी सुट्टी सोमवारी करा."

"सोमवारीच का?"

"असंच."

शिवानीनं तिच्याकडं नीट पाहिलं. "या महिन्याच्या पाळ्या लागल्यात, मावशी. मार्चपासून देते."

मार्चच्या पहिल्या सोमवारी महादेवी इरकल लुगडं नेसून पुढच्या दारानं दुकानात आली. गल्ल्यावर अक्षरा होती. तिनं दोन पाकिटं मागितली.

"मीठ नको."

"मावशी, तुम्हीपण का?" अक्षरा हसली.

कोपऱ्यातल्या टेबलाला ती दाराकडं तोंड करून बसली. या बाजूनं दुकान मोठं वाटत होतं. आत घंटी वाजली, पुन्हा वाजली. पाकिटातले बटाटे मऊ पडले. ती उठली, रस्ता ओलांडून क्लासच्या फाटकाशी गेली. पोरी घोळक्यानं बाहेर पडत होत्या.

"ऋतुजा कोण गं तुमच्यात? अहमदपूरकडची?"

चष्मा लावलेली एक बारीक पोरगी पुढं आली.

"तुझे आजोबा आले न्हाईत, बाळ?"

"आजोबा गेले," पोरगी म्हणाली. "पंधरा दिवस झाले. तुम्ही कोण?"

"समोरच्या दुकानातली," एवढंच महादेवी म्हणाली.

परत येऊन ती टेबलाला बसली. अन्न टाकायचं नाही म्हणून तिनं दोन्ही पाकिटं एकटीनं संपवली.

रामकिशन, अहमदपूर तालुक्यातले शेतकरी, लातूरला मुलाच्या घरी सोमवार, सतरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी वारले.