लागून गेलेलं लग्न

निरगुडसरच्या सोपाननं धाकट्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग करायचं ठरवलं ते सत्कारांसाठी. निदान तो तसं सांगायचा. खरं तर ठरवलं त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, आणि सत्कारांचं निमित्तही तिनंच त्याच्या गळी उतरवलं. "येवढी मोठी माणसं येणार, टोपी-उपरणं घेणार, अन् पुढच्या सालाला म्हणणार आमाला कुणी इचारलंच न्हाई. मंग काय दावायचं त्यांना?" सोपानला हे पटलं. आपल्याला पटलेली गोष्ट आपल्यालाच सुचली होती, असं मानायची त्याची जुनी सवय होती.

बयाबाईचं कारण निराळं होतं. त्या घरात रीत होती की पोरीवर अक्षता पडत असताना पोरीच्या आईनं तिकडं बघायचं नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या की तिनं परसात जायचं आणि लग्न लागेपर्यंत तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. थोरलीच्या लग्नात बयाबाई तशी उभी राहिली होती. मागाहून फोटो आले, त्यात थोरलीच्या मुंडावळ्या तेवढ्या दिसत होत्या आणि तोंडावर कुणाचा तरी अक्षता टाकणारा हात आला होता. जिला न्हाऊमाखू घातलं तिचं लग्न अख्ख्या गावानं बघायचं आणि आईनं तुळशीचं आळं बघायचं, हे तिला आतून डाचत होतं. रीत मोडायची तिची छाती नव्हती. पण ज्यांनी रीत घातली त्यांच्या काळी कॅसेट नव्हती, एवढं तिच्या ध्यानात आलं होतं.

धम्मपालचं दुकान नारायणगावात, एसटी स्टँडच्या जवळ. त्याच्या शूटिंगमध्ये माणसांची मुंडकी तुटत नाहीत अशी त्याची ख्याती होती, आणि त्या काळी ती लहानसहान ख्याती नव्हती. नवरा-बायको दोघं त्याच्याकडं गेली. सोपाननं सरपंचांपासून सुरुवात केली ती सोसायटीचे चेअरमन, व्याह्यांचे मामे आणि मामांचे साडू इथपर्यंत नेली.

"भाऊ, कॅसेट तीन तासांची असती," धम्मपाल म्हणाला. "समदी सत्कारात गेली तर नवरी कुठं दावू?"

"माझं एकच हाय," बयाबाई मध्येच म्हणाली. "पयल्या मंगलाष्टकेपासनं अंतरपाट खाली येस्तवर अश्विनीच्या तोंडावरनं कॅमेरा हलवायचा न्हाई. कुनी कायबी सांगू दे."

"मग तुमी समोर उभ्या ऱ्हावा, मावशी. तिकडं-इकडं झालं की खूण करा."

"मी कुठली समोर? मी परसात." आणि तिनं त्याला रीत सांगितली.

धम्मपाल हातातली वायर गुंडाळायचा थांबला. "आमच्यात आई पयल्या रांगेत बसती," तो म्हणाला. "माझ्या बहिणीच्या लग्नात मीच शूटिंग करत व्हतो. आई मागनं म्हणली, बाजूला हो मेल्या, मला दिसंना."

बयाबाई हसली. पण तिला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटला आणि तो घरी येईपर्यंत गेला नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, आणि सत्कार त्या मुहूर्ताला भारी पडले. माईकवाला एकेक नाव पुकारतोय, नारळ या हातातून त्या हातात जातायत, धम्मपालचा कॅमेरा सोपानच्या मागं मागं फिरतोय. अखेर भटजींनी स्वतःच माईक ओढून घेतला. बयाबाईनं अश्विनीच्या गालावरून बोटं फिरवली, पाण्याची कळशी आणि तांब्या उचलला आणि ती मागल्या दारानं परसात गेली.

तिच्या पाठोपाठ तिची सासू सरूबाई आली आणि पायरीवर बसली. सून रीत पाळते की नाही ते बघायला. "मान वळवू नगंस," ती म्हणाली. मध्ये घर उभं होतं. मान वळवली असती तरी कौलंच दिसली असती. पण सरूबाईचा कशावर विश्वास नसायचा.

कौलांच्या वर मांडवाचं कापड उजळलेलं होतं. तो धम्मपालच्या हॅलोजनचा उजेड. तो हलत नव्हता, आणि बयाबाई त्याच्याकडं बघून तुळशीला पाणी घालत होती. उजेड हलत नाही म्हणजे कॅमेरा पोरीच्या तोंडावर आहे, असा तिनं हिशेब बांधला होता.

मंगलाष्टका अर्ध्यावर आल्या आणि उजेड गेला. माईकही गप झाला. लाईट गेली होती. गावात ती कधी जाईल याला मुहूर्त लागत नसे. भटजी काही थांबले नाहीत, मुहूर्त टळला असता. अंधारात त्यांचा नुसता आवाज येत राहिला. मांडवात कुणीतरी ओरडलं, धावाधाव झाली, आणि थोड्या वेळानं वाजंत्री कडाडली. लग्न लागलं. कापड शेवटपर्यंत काळंच राहिलं.

"झालं. चल आता," सरूबाई म्हणाली.

बयाबाईनं उरलेली कळशी तुळशीत रिकामी केली. लेकीचं लग्न लागल्यावर आईच्या डोळ्यांना पाणी येतं, म्हणून कुणी तिला काही विचारलं नाही. थोरलीचं गेलं, आता धाकटीचंही गेलं, तिसरी लेक काही तिला नव्हती.

पंगतीत तिनं धम्मपालला गाठलं. "आलं का, भाऊ?"

तो घामानं निथळत होता, आणि सोपान त्याला व्याह्यांच्या पानाकडं ओढत होता. "कॅसेटमधीच बघा, मावशी. सांगून न्हाई कळायचं," असं म्हणून तो गेला. कामाचा माणूस असं कधी बोलतो ते बयाबाईला ठाऊक होतं. काम बिघडलं की.

कॅसेट आली तेव्हा अश्विनी माहेरपणाला आलेली होती. सोपाननं कळंबवरून भाड्यानं व्हीसीआर आणला, भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि सगळे दाटीवाटीनं बसले. आधी बदामात अश्विनीचा फोटो गोल गोल फिरला. मग सत्कार आले, आणि ते संपेनात. प्रत्येक फेट्याला सोपान नाव सांगत होता. शेवटी भटजींनी माईक ओढला, तशी सरूबाई खाटेवरून म्हणाली, "बया, तू ऊठ."

"का, आत्याबाई?"

"का म्हंजी? पोरीच्या आईनं बघायचं नसतं. पोरीच्या संसाराला बाधतं."

सोपान पडद्याकडं बघत राहिला. आई आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला होतं. बयाबाई उठली. एवढे दिवस याच एका गोष्टीची वाट पाहिली आणि सासूच्या एका शब्दानं पाय आपसूक उचलले, याचा तिला स्वतःचाच राग आला. ती दारापर्यंत गेली. तेवढ्यात अश्विनीनं बटण दाबलं आणि भटजी तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थांबले.

"आई आल्याबिगर पुढं न्यायचं न्हाई," अश्विनी म्हणाली.

बयाबाई दारातच वळली. "आत्याबाई, लगीन लागताना बघू नये म्हणत्यात. तवा मी बघितलं न्हाई, तुमीच राखणीला व्हता. आता हे लागून गेल्यालं हाय. लागून गेल्याल्या लग्नाला कशाची बाधा व्हती?"

रीत घालणाऱ्यांनी याचं काहीच सांगून ठेवलं नव्हतं. "बघ बाई. मी मातूर बघायची न्हाई," म्हणून सरूबाईनं खाटेवर भिंतीकडं तोंड केलं. तिला कुणी बघू नको म्हणून सांगितलं नव्हतं, पण रीत कुणीतरी पाळायला हवी होती.

मंगलाष्टका सुरू झाल्या. पडदाभर अश्विनीचं तोंड होतं, खाली घातलेल्या पापण्या आणि हलणाऱ्या मुंडावळ्या. धम्मपालनं शब्द पाळला होता. मग पडदा काळा झाला. बयाबाईनं पदर तोंडाशी धरला. काळ्या पडद्यातून धम्मपालचाच आवाज आला, "आरं ती जीप सुरू करा. लाईट मांडवात मारा." घरघर ऐकू आली आणि उजवीकडून पिवळा झोत जमिनीलगत आत शिरला. कौलांच्या वर तो गेलाच नव्हता, म्हणून परसात दिसला नव्हता.

अंतरपाट खाली आला. नवऱ्या मुलाचा नुसता फेटा कडेला दिसत होता आणि सोपानचा तर कोपरही आला नव्हता. मागची माणसं डोळे बारीक करून जीपकडं बघत होती. अश्विनी एकटी दुसऱ्या बाजूला बघत होती. समोर हार धरून नवरा उभा, अंगावर अक्षता पडतायत, आणि ती मान वाकडी करून डावीकडं घराच्या दाराकडं बघत होती. कुणीतरी तिची हनुवटी धरून तोंड सरळ केलं, तेव्हा कुठं तिनं हार घातला.

"आगं, कुठं बघत व्हतीस?" सोपान म्हणाला.

"मागलं दार दिसतंय का बघत व्हते," अश्विनी म्हणाली. "आई तिकडं व्हती ना."

बयाबाईला वाटायचं की त्या घडीला आपण कुणाच्या ध्यानातही नसतो. तुळस आणि आपण. तिनं लेकीचा हात मांडीवर ओढून घेतला आणि तसाच धरून ठेवला. तिला आनंद झाला होता.

खाटेची करकर झाली. सरूबाई केव्हाच इकडं वळून बसली होती. किती बघितलं ते तिनं सांगितलं नाही. तिची लेक सोनीबाई वारूळवाडीला दिलेली. आता तिलाच नातवंडं होती.

"बया," सरूबाई म्हणाली, "सोनीनंबी आसंच बघितलं आसंल का गं?"

"बघितलं आसंल, आत्याबाई."

"मी कवा इचारलंच न्हाई."

सोपाननं कॅसेट पुढं नेली. पंगत सुरू झाली आणि तो पुन्हा नावं सांगू लागला. सरूबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती खाली उतरली, पायानं चपला चाचपल्या आणि कोपऱ्यातली पिशवी झटकून घेतली.

"आई, ही पंगत बी बघून घे की," सोपान म्हणणार होता, पण तिनं त्याला बोलू दिलं नाही.

"ते बंद कर," ती म्हणाली. "मला वारूळवाडीच्या गाडीत बसवून दे."