पोरांपासून लपवायची भाषा

"आमची बोली शिकून घे गं. नाहीतर आम्ही तुझ्या डोळ्यांदेखत मरून जाऊ नि तुला पत्ताही लागायचा नाही," थेक्ला मावशी म्हणाली, तेव्हा इलियाना हसली होती. दिवस गेले होते तिला.

"मावशी, पोराला आधी ग्रीक येऊ दे, इंग्रजी येऊ दे. तुमच्या सानावर नोकरी कोण देतंय?"

आई तव्यावर हलूमी चीज भाजत होती.

साना ही कोर्माकिती गावाची बोली. पूर्वज समोरच्या किनाऱ्यावरून अरबी घेऊन सायप्रसला आले आणि हजारेक वर्षांत तिच्यात ग्रीक अशी मुरली, की आज अरबालाही ती उमगत नाही. डॉक्टर, हॉस्पिटल, फोन, जे जे नवं आलं ते ग्रीकमधूनच आलं. पण गावातल्या घराघरात रीत एकच: पोरांशी ग्रीक बोलायचं, आपापसात साना. आजार, भांडणं, कुणाचं काही बरंवाईट, सगळं पोरांच्या डोक्यावरून जाऊ द्यायचं. इलियाना लहानपणी एवढंच शिकली, की आई सानात शिरली म्हणजे काहीतरी बिनसलंय.

युद्धात बेट दुभंगल्यावर तरुण माणसं पलीकडे निकोसियाला गेली, म्हातारी माणसं गावातच राहिली. मुलगी झाल्यावर इलियाना दर रविवारी तिला घेऊन सरहद्दीवरची चौकी ओलांडायची आणि आईकडे यायची.

त्या हिवाळ्यात आई आणि मावशी अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. बोलणं सानात चाललेलं. आईचा चेहरा पिवळट दिसत होता, म्हणून छोट्या फ्लोराला भरवता भरवता इलियानानं कान टवकारले. डॉक्टर, हॉस्पिटल, ऑपरेशन, असला एखादा ग्रीक शब्द येतो का बघत राहिली. एकही आला नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"कसल्या गप्पा एवढ्या?"

"तुझ्या बापाच्या गाढवाच्या," आई म्हणाली. "तुझ्या नवऱ्यापेक्षा शहाणं होतं हो ते!"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

ईस्टरच्या आधीच आई गेली. यकृत पार सडलं होतं.

मातीहून परतल्यावर मावशीनं सांगितलं, "त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाला तेच ती मला सांगत होती. डॉक्टर नाही म्हणाली, 'दवा देणारा' म्हणाली. हॉस्पिटलला 'मोठं घर'. आज्यांच्या वेळचे शब्द उकरून काढत होती. तुझे कान आमच्याकडे होते ना!"

"आणि तू गप्प बसलीस? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. तू पोटुशी होतीस तेव्हा."

आता मावशी एकटीच आहे. झगा अंगावर लोंबायला लागलाय. फोनवर मात्र स्वच्छ ग्रीकमध्ये सांगते, "बरी आहे गं, मला काय धाड भरलीय?" इलियाना थोडीबहुत साना शिकलीय. पण दोन वाक्यांतच अडखळते, मग मावशी तिचा गाल थोपटते आणि ग्रीकवर येते. त्या ग्रीकवर इलियानाचा आता काडीचा विश्वास उरलेला नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाला साना येत असेल, तर कोर्माकितीला जाऊन या. चर्चमागच्या गल्लीतलं शेवटचं घर. मावशी कॉफी करील, नको म्हणू नका. शेजारी बसा आणि तिच्याच बोलीत विचारा, कशी आहेस म्हणून. काय म्हणते ते ऐका, आणि इलियानाला कळवा. जरा लवकर जा.