दाजींचा फोटो आणि मी पोकळ भिंत

मी भिंत बोलतेय. निदान या घरातले सगळे मला भिंत म्हणतात, म्हणून मीही म्हणते. खरं काय ते अजून माझं मलाच उमगलेलं नाही बाई!

माझ्यात वीट नाही, सिमेंट नाही. दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा भुगा दाबला की झाले मी. भिवंडीच्या या फ्लॅटमध्ये कुणालने आईला वेगळी खोली हवी म्हणून हॉलच्या मधोमध पत्र्याचे चॅनल उभे केले, दोन्हीकडून मला स्क्रूने बसवलं. मध्ये नुसती हवा. वर रंग लागला आणि मी लागले मिरवायला.

त्याआधी मी अंजूरच्या एका गोदामात पडून होते. कुणालची आई, सीताबाई, राहायला आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यातून कळलं, ते गोदाम यांच्याच भातशेतीवर उभं आहे. त्यांचे मालक, म्हणजे कुणालचे वडील दाजी, शेत विकायला शेवटपर्यंत तयार नव्हते. ते गेले आणि मग शेतही गेलं. आता मी गोदामातून आले म्हणू की यांच्या शेतातून? डोकं चक्रावतं अगदी.

सीताबाईंनी दाजींचा फोटो आणला होता. सागवानी चौकट, जाड काच, दोन्ही हातांनी उचलावा असा. गावच्या घरी ठोकायच्या तसा त्यांनी पलंगाच्या वर लांब खिळा ठोकला. पिकल्या पपईत सुरी जावी तसा तो आत गेला. मला वाटलं, वा, किती छान बसला! संध्याकाळी फोटो धपकन खाली. गादी होती म्हणून काच वाचली.

"यांना ह्ये घर पसंत न्हाय," सीताबाई हळूच म्हणाल्या.

"आये, खिळा सुटला गं, बाकी काय नाय," म्हणत कुणालने ड्रिल मारलं, स्क्रू धरून ठेवायला प्लॅस्टिकची गिट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी फोटो माझा लचका घेऊनच पडला.

"बघ! शेत इकलं त्याचा राग हाय. मी जाते अंबाडीला, लेकीकडं."

बॅग भरायला लागल्या. सून रूपा रडकुंडीला आली. "आई, असं नका ना करू!" मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, दाजी रागावले नाहीत, मीच पोकळ आहे! पण तोंड कुठे मला? आणि खरं सांगू? एव्हाना मलाही वाटायला लागलं होतं, रागावले असले तर?

निघता निघता सीताबाई चिडल्या. मला बोटांच्या पेरांनी ठोकत दाजींना विचारू लागल्या, "बोला की! कुटं बसायचंय तुमाला?" टक. टक. माझा आवाज पोकळ, पोकळच. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र तो बदलला. भरीव झाला. आत चॅनल होता तिथे.

सीताबाई थबकल्या. तिथून समोर शेगडी दिसत होती. "अगं बाई! बारा वाजले का चुलीसमोर येऊन बसायचे. कालवण झालं का, कालवण झालं का!" त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या.

कुणालने पेरं आपटून पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्याने स्क्रू थेट चॅनलच्या पत्र्यात पिळले. फोटो तसूभरही हलला नाही. रूपाने बॅगेतली लुगडी काढून पुन्हा कपाटात ठेवली.

माझ्यासारखीला काही जड टांगायचं असेल तर आधी टकटक करून विचारा, एवढीच विनवणी. मी नक्की सांगेन. पण त्या दिवशी उत्तर मी दिलं की दाजींनी, ते मात्र मला विचारू नका. रोज दुपारी सीताबाई शेगडीपासून वळून म्हणतात, "झालं हो, झालं!" आणि माझीच छाती भरून येते.