मंद आचेवरचं दूध

सून रडकुंडीला आली होती. उद्या पाळणाघरात नोकरीची मुलाखत, तीही इंग्रजीत, आणि सी, लुक, वॉच या तिघी जावा तिच्या डोक्यात भांडत बसल्या होत्या. मागच्या खेपेला तिने सांगितलं, मी मुलांना ‘सी’ करीन. जागा गेली दुसरीला.

“अगं, तिन्हींचा अर्थ बघणंच,” नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

“वा रे शहाणे!” सासूबाई कडाडल्या. “तुला बघणं आणि तुझ्यावर लक्ष ठेवणं एकच का? बघून माझे डोळेसुद्धा शिणले नाहीत. लक्ष ठेवून केस पांढरे झाले!”

पेपर आणखी वर गेला.

सासूबाईंनी सुनेकडून तिच्या इंग्रजीच्या पुस्तकातली वाक्यं दोनदा वाचून घेतली, अर्थ विचारला आणि दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं.

“इकडे ये. डोळे उघडे असले की पातेलं आपसूक दिसतं. त्यात तुझी कसली कर्तबगारी? ते तुझं सी. आता मी म्हटलं, पातेल्याला पोचा आलाय...”

सुनेने मान पातेल्याकडे वळवली.

“हे लुक. आणि दूध वर येईस्तोवर जागचं हलायचं नाही, ते वॉच. झोपलेलं पोर म्हणजे मंद आचेवरचं दूध. कळलं?”

दुसऱ्या दिवशी सून मुलाखतीला गेली. सासूबाईंनी दूध ठेवलं आणि उगीच खिडकीशी आल्या. कोपऱ्यावरून सून वळली ती जवळजवळ पळतच.

“आई! तिथल्या बाईंनी विचारलं, झोपलेल्या मुलांकडे अधूनमधून ‘लुक’ केलं तर चालेल ना? मी म्हटलं, नो, वॉच! दुधाचंही सांगितलं, मोडकंतोडकं.”

“हसल्या असतील.”

“हसल्या. आणि म्हणाल्या, सोमवारपासून या.”

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. “बरं झालं. घरात नुसती पायात पायात येतेस.”

“तुम्ही केव्हापासून खिडकीत उभ्या आहात?”

“मी कशाला उभी राहू? रस्ता आपला दिसत होता.”

तेवढ्यात करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं. सासूबाईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

“आणि मला वॉच शिकवलंत!” सून तोंडावर हात धरून म्हणाली.

“केलंच की वॉच.” सासूबाईंनी फडकं तिच्या अंगावर फेकलं. “दुधावर नव्हतं, एवढंच. पूस आता.”