तळाला न लागणारं जाळं

कुणी हात न लावता जाळ्याच्या तारा गुंडाळणारी विंच फिरू लागली, तशी भाचीने खुर्चीची कड घट्ट धरली. सकाळपासून हे कितीदा तरी झालं होतं. विंचला फिरवणारं यंत्र तिनेच बनवलेलं होतं; तरी दरवेळी पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं तिला वाटे.

"काय म्हणतंय?" मामाने सुकाणूवरची नजर न हलवता विचारलं.

"पुढे तळ वर आलाय. जाळं उचलतंय."

"उचलू दे."

बोटीचा कप्तान तिचा सख्खा मामा होता, म्हणून तर ती आज इथे होती. नेहमीची जाळी तळावरून घसटत जातात. त्यांचं तोंड उघडं ठेवणाऱ्या दोन लोखंडी फळ्या शेतात कुळव फिरावा तशा समुद्राच्या तळावरून फिरतात, आणि त्यांच्या मागे उगवलेलं, वाढलेलं काही शिल्लक राहत नाही. भाचीच्या यंत्राला जाळ्यावरचे सेन्सर तळाचं अंतर कळवत. त्या हिशेबाने ते तारा ओढी किंवा सोडी, आणि जाळं तळाच्या जरा वर तरंगत राही. निदान तसं ठरलं होतं. बंदरातला एकही कप्तान चाचणीसाठी आपली बोट द्यायला तयार झाला नाही. मासे काय तुझ्या मशीनला विचारून पोहतात का, असं त्यांनी तिला तोंडावर ऐकवलं. मामाने मात्र तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. भाचीच्या लाडापायी म्हातारा खुळावला, असं बंदरावर सगळे म्हणू लागले. तिची आईही तेच म्हणाली, फक्त डोळे पुसत.

त्या लाडाचंच तिला दडपण होतं. सकाळी लाटा जरा मोठ्या होत्या. प्रत्येक लाटेला तारेवरचा ताण मर्यादेबाहेर जाई, भोंगा वाजे आणि यंत्र थांबे. मामाच्या कपाळावरची आठी तिला दिसली. तिने ताणाची मर्यादा वाढवून ठेवली. भोंगा गप्प झाला.

आता विंच फिरतच होती.

बोटीचा वेग एकदम कमी झाला. टेबलावरचा चहाचा पेला घसरला आणि मागच्या भिंतीला जाऊन आपटला. भाचीने पडद्याकडे पाहिलं. जाळं जिथे होतं तिथेच होतं. विंच ओढत होती आणि जाळं वर येत नव्हतं.

"हे बरोबर चाललंय ना?" मामाने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

विचार करायच्या आधीच ते तोंडातून गेलं. मग तिला कळलं. जाळ्याची फळी खडकात अडकली होती. जाळं खाली आहे, एवढंच यंत्राला दिसत होतं. आणि जाळं खाली असेल तर तार ओढायची, एवढंच तिने त्याला शिकवलं होतं. ते इमानेइतबारे बोटीचं मागचं टोक पाण्यात ओढत होतं.

तिने लाल बटण दाबलं. विंच थांबली, पण ब्रेकने तार जिथल्या तिथे आवळून धरली. मामाने इंजिनाचा जोर काढला. मागून आलेली लाट बोटीखाली शिरायची ती वर चढली आणि सबंध डेकवरून वाहत केबिनच्या दारापर्यंत आली. विंचपाशी उभा असलेला लंबू, मामाचा जुना खलाशी, त्या पाण्याबरोबर घसरत कठड्याला जाऊन अडकला.

"ब्रेक सोडायला हवा," मामा म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "मी सुकाणू सोडलं तर बोट आडवी होईल."

बोटीवर तिसरं माणूस तीच होती.

ती गेली कशी, हे तिला नंतर कधीही नीट सांगता आलं नाही. डेक घसरगुंडीसारखा मागे उतरला होता. ती बसून, दोन्ही हातांनी जे सापडेल ते धरत खाली सरकत गेली. तारेतून एक बारीक, चिरका सूर येत होता. विंचला दोन दांडे होते. सबंध विंचचा आराखडा तिला पाठ होता. पण आता समोर नुसते दोन ओले दांडे होते आणि डोक्यात काही नव्हतं.

"ताई, खालचा!" कठड्याला लटकलेला लंबू ओरडला. "खालचा ओढा आणि आडव्या व्हा."

तिने खालचा दांडा ओढला. हलला नाही. पुढची लाट तिच्या गळ्यापर्यंत आली. तिने दोन्ही पाय विंचला लावले आणि सगळं अंग मागे टाकलं.

तार किंचाळत सुटली. भाची पालथी पडून राहिली. डोक्यावरून तारेचं सुटलेलं टोक सणसणत गेलं, पाण्यावर फटकारा बसला आणि मग तो सूर थांबला. बोटीचं मागचं टोक उसळून वर आलं. डेकवरचं पाणी दोन्ही बाजूंनी ओतून गेलं.

लंबूने जवळ येऊन तिला बसती केली. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं.

"एवढं शिकलेलं यंत्र," तो धापा टाकत म्हणाला, "पण दांडा ओढायला शेवटी माणूसच लागलं."

हसायला जाताना तिला ओकारी आली.

बोट बंदराकडे वळवून मामाने सुकाणू लंबूच्या हाती दिलं आणि तो केबिनमागे जाऊन बसला. भाची मागोमाग गेली. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"मामा, सकाळी मर्यादा मी वाढवली होती."

"माहीत आहे. शेजारीच उभा होतो मी."

"तू विचारलंस तेव्हा मला काही कळलं नव्हतं. तरी हो म्हटलं."

"तुझी मामी रोज विचारते, सगळं ठीक ना? मीही हो म्हणतो." तो पुढे म्हणाला, "माझ्या बरोबरीचा एक जण असाच गेला. भरदुपारी, वारा नाही की लाट नाही. जाळं अडकलं आणि बोट मागे बसली. मी शेजारच्या बोटीवर होतो. हाक मारायला तोंड उघडलं, तोवर तिथे नुसतं पाणी. तेव्हापासून जाळं तळाला टेकलं की माझ्या पोटात गोळा येतो. दर खेपेला."

"मग सोडलं का नाहीस हे काम?"

"दुसरं काय येतं मला?"

भाचीने त्याच्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

"तू ते तळाचं सांगितलंस ना, तिथले जीव, त्यांची घरं... चांगलंच आहे ते. पण खरं सांगू? मी नीट ऐकलंही नाही. जाळं तळाला लागणार नाही म्हणालीस, तेवढं ऐकलं."

त्याने मांडीखालचे हात काढून पाहिले आणि पुन्हा दाबून धरले.

बंदराला लागेपर्यंत दोघं तशीच बसून होती. धक्क्यावर चार-पाच कप्तान उभे होते. जाळ्याविना रिकामी आलेली बोट सगळ्यांना लांबूनच दिसली होती.

"मशीनने जाळं खाल्लं वाटतं," एक जण म्हणाला आणि हशा पिकला. ज्याला सगळे नगारा म्हणत, तो सर्वांत मोठ्याने हसला.

"अडकलं," मामा एवढंच म्हणाला आणि दोर बांधू लागला.

भाची ओल्या कपड्यांनी धक्क्यावरच्या पिंपावर बसली. या बोटीवर, कुठल्याही बोटीवर, पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ती मनाशी घोकत होती. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी उभं राहिलं. नगारा होता. त्याने एकवार मागे बघितलं. बाकीचे लंबूभोवती जमले होते.

"ते तुझं मशीन," तो म्हणाला. त्याला इतकं हळू बोलता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. "जाळं खरंच तळाला टेकू देत नाही?"

"आज टेकलं, काका. खडक एकदम वर आला."

"एरवी?"

"एरवी नाही."

त्याने मान हलवली. तोंड पुसल्यासारखं केलं.

"आणि अडकलंच, तर तार आपणहून सोडेल?"

"अजून सोडत नाही," ती म्हणाली. "सोडायला शिकवते."

"शिकव. झालं की मला सांग." त्याने पुन्हा मागे पाहिलं. "इथे नको. घरी ये."

मग तो वळला आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोरीला सांगत होतो, ते मशीन भंगारात टाक म्हणून."

सगळे हसले. त्या हसणाऱ्या तोंडांकडे भाची एकेक करून बघत राहिली.

"बघते, काका," ती तितक्याच मोठ्याने म्हणाली.